बास चढा लागतोय

“पोरगी बराबर हाय हो, तिचा बासच चढून राह्यलाय.”

आत्या विहाराच्या ओट्यावर, पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून ढोलकीवाल्या काकांना सांगत होती. मी आत दाराच्या मागे जमिनीवर बसून माझ्या बास गिटारची केबल गुंडाळत होते. त्या दोघांना वाटलं मी निघून गेले. माझ्याबाबतीत हे नेहमी होतं. मी खोलीत असले तरी लोकांना गेल्यासारखी वाटते.

“कॉन्व्हेंटची गिटार हाय ताई,” काका म्हणाले. “इंग्लिशमधी बोलती. आपल्याला चढीच वाटनार.”

“हासू नका. आज धा गाणे घेतले. धाच्या धा गाण्यात माझा सूर वर वढून राह्यला तो बास. गळा दुखून आला माझा.”

“मंग सांग की तिला.”

“सांगते दमानं. भावाची लेक हाय. एकदा घुमी झाली तर महिनाभर बोलायची न्हाई.”

घुमी या शब्दाचं मला काही वाटलं नाही. आमच्या घरात तो माझ्यासाठी रोज वापरतात. पण बास चढा? घरून निघण्याआधी मी चारही तारा फोनमधल्या ट्यूनरवर लावल्या होत्या. एकेक तार छेडायची, पडद्यावरची सुई मधोमध येऊन हिरवी झाली की पुढची. चारही वेळा हिरवी झाली होती. चढा म्हणजे सूर जिथे असायला हवा त्याच्या वर. हिरव्याच्या वर काय असतं, ते मला समजेना.

मी केबल पिशवीत घातली आणि मागच्या दाराने घरी आले.

आत्याची गायन पार्टी आहे. जयंतीच्या महिन्यात त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. एरवी नामकरण, नवं घर, पुण्यानुमोदन, असं काही ना काही चालू असतं. पार्टीत आत्या गाते, एक झेडपी शाळेवरचे सर कीबोर्ड वाजवतात, काका ढोलकीवर, आणि कोरसला आत्याच्या दोन मैत्रिणी. बदनापूरच्या आसपासच्या गावांत आत्याला ‘काळी पाचवाली’ म्हणतात. हार्मोनियमवरची पाचवी काळी पट्टी हा तिचा सा. तिथून तिचं गाणं सुरू होतं आणि वर जातं. त्या पट्टीत गाणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, हे मला नंतर कळलं. पण वरच्या सुरावर पोचल्यावर ती तिथे थांबायची, आणि लोक टाळ्या वाजवायच्या आधी एक क्षण नुसते बघत राहायचे. लहानपणी मी मंडपात मम्मीच्या मांडीवर झोपलेली असायचे आणि त्या क्षणाला मला जाग यायची. आवाजाने नाही, सगळे गप्प झाल्यामुळे.

बास माझ्याकडे आला तो संभाजीनगरच्या होस्टेलवर. माझी रूममेट नोकरीसाठी दूर गेली आणि जाताना तो माझ्या पलंगाखाली ठेवून गेली. मी व्हिडिओ बघून शिकले. सगळे व्हिडिओ इंग्रजीत, त्यामुळे बासबद्दल मला माहीत असलेला प्रत्येक शब्द इंग्रजी होता. ट्रस रॉड, सॅडल, इंटोनेशन. शिक्षण संपलं, जालन्याला बियाण्यांच्या कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली, मी परत बदनापूरला आले आणि रोज सकाळच्या गाडीने जायला लागले. बास कपाटावर चढला. दिवाळीनंतर एकदा आत्या घरी आली, मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि पप्पांना म्हणाली, “दादा, हे लाकूड वर ठिवून काय करून राह्यले? लेकीला रविवारी पाठव माझ्याकडं.” मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, आणि मग आयुष्यभर चुकल्यासारखं वाटलं असतं.

रविवारी विहारात सराव असायचा; पहिले काही रविवार बरे गेले. बास वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही. मी आत्याच्या डाव्या बाजूला, स्पीकरच्या मागे बसायचे. सर सुरुवातीला एकदा विचारायचे, “सूर घेतला का?” मी मान हलवायचे. घेतलाच होता, घरून निघताना. मग काका ढोलकीवर थाप मारायचे आणि सुरू.

ओट्यावरचं ते बोलणं ऐकलं त्या आठवड्यात मी ठरवलं की तारा जुन्या झाल्या असतील. व्हिडिओत सांगतात, तार मळली की ती सूर धरत नाही. माझ्या तारा तर रूममेटच्या काळातल्या. नवीन मागवल्या. जुन्या काढल्यावर खालचं लाकूड कोरडं पडलेलं दिसलं, पडद्यांच्या कडेला काळा मळ साचलेला. पडदे म्हणजे बासच्या मानेवरच्या, त्या लांब दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, ज्यांच्यावर तार दाबायची. लाकडाला लावायला लिंबाचं तेल घ्या, असं व्हिडिओतला माणूस म्हणाला. मेडिकलमध्ये विचारलं तर त्याने मला केसांना लावायचं काहीतरी दाखवलं.

“खोबरेल लाव,” मम्मी म्हणाली. “लाकडाला काय समजतंय?”

“खोबरेल नको म्हणतात. खवट होतं.”

“कोण म्हणतं?”

कॅनडातला एक माणूस म्हणतो, असं मी सांगितलं नाही. कोरड्या फडक्याने पुसलं आणि तारा चढवल्या. नवी तार ताणून बसायला एक दिवस लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावल्या. सगळं हिरवं.

रविवारी आत्याने दोन गाणी म्हटली आणि तिसऱ्याच्या मध्येच हात वर केला. “थांबा. आजबी चढूनच राह्यलाय तो.” मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, जणू मला ताप आलाय अशा सुरात, “बाळा, जरासा खाली घेती का?”

मी मान हलवली आणि काहीच केलं नाही. खाली म्हणजे किती? कुठल्या तारेचा? सगळ्या हिरव्या असताना मी कुठली तार चुकीची करायची?

दुसऱ्या वेळी मी मानेवर संशय घेतला. मार्च लागला होता. आमच्याकडे मार्चमध्ये हवा इतकी कोरडी होते की दारं चौकटीत खुळखुळतात. बासच्या मानेत आत एक लोखंडी सळई असते. तारांच्या ओढीने मान पुढे वाकते आणि ती सळई तिला मागे धरून ठेवते. लाकूड सुकलं की हा हिशोब बिघडतो. पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरायची आणि मधल्या पडद्यापाशी तारेखाली एक व्हिजिटिंग कार्ड जातं का ते बघायचं. माझ्याकडे लॅबमध्ये आलेल्या एका विक्रेत्याचं कार्ड होतं. ते गेलं, आणि वर आणखी एक जाईल इतकी जागा उरली. मी सळईच्या टोकाला चावी लावून पाव फेरा फिरवला. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, नाहीतर मान कायमची जाते. मग दिवसभर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव फेरा. लॅबमध्ये बिया मोजताना माझं लक्ष तिकडेच, मान फुटली असेल का, याकडे. फुटली नव्हती. कार्ड आता नेमकं सरकत होतं.

रविवारी आत्याचा चेहरा पहिल्याच ओळीला आक्रसला.

“ही पोरगी गिटारीला दर हप्त्याला दवाखान्यात नेती,” काका म्हणाले, “आन गिटार दर हप्त्याला जास्तच आजारी पडून येती.”

कोरसच्या बायका हसल्या. मीपण हसले. हसताना मी सरांकडे बघितलं तर ते हसत नव्हते. ते कीबोर्डच्या छोट्या पडद्याकडे बघत होते. “सूर घेऊन घे गं नीट,” ते म्हणाले. मी पुन्हा मान हलवली.

काकांचं म्हणणं थट्टेत होतं, पण खरं होतं. मी जितकं दुरुस्त करत होते तितकं बिघडत होतं. डिसेंबरमध्ये कुणाची तक्रार नव्हती. जानेवारीत आत्या मध्येच एकदा माझ्याकडे बघायची. आता ती पूर्ण वेळ गळ्याला हात लावून गात होती. माझ्या कानालासुद्धा ते खुपायला लागलं होतं. काहीतरी आंबल्यासारखं, दोन आवाज एकमेकांना घासल्यासारखं.

तिसऱ्या वेळी मी इंटोनेशन केलं. बाराव्या पडद्यावर नुसतं बोट टेकवून एक सूर काढायचा आणि तिथेच तार दाबून दुसरा. दोन्ही एकच यायला हवेत. दाबलेला चढा आला तर तार जिथे टेकते तो खालचा तुकडा स्क्रू फिरवून मागे घ्यायचा. पूर्ण शनिवार गेला. पाठ दुखली. संध्याकाळी असा बास अख्ख्या जिल्ह्यात नसेल, असं मला वाटलं. ते खरंही असेल. जिल्ह्यात बास किती असणार?

त्या रविवारी आत्याने मला बाजूला बसवलं. तिने माझा हात हातात घेतला, त्यामुळे ती काय बोलणार ते मला आधीच कळलं. “आता काही रविवार तू नुसती बसून आयक. सर डाव्या हातानं कीबोर्डवरच बास धरतेन. राग न्हाई ना?”

मी म्हणाले, “नाही.”

मग तिने सगळ्यांना आपली बातमी सांगितली. अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत मोठा कार्यक्रम होता. तीन जिल्ह्यांतले गाणारे येणार होते. वादक कुणी न्यायचे नाहीत. प्रत्येकाने दोन गाणी म्हणायची, आणि संगीत आधीच बनवलेलं, ट्रॅकवर. गाणाऱ्याने फक्त आपली पट्टी कळवायची. आत्याला तिथून बोलावणं येण्याची वाट बघत किती वर्षं झाली होती, ते तिने बोटांवर मोजून दाखवलं आणि मध्येच सोडून दिलं. “समोर नुसते आयकनारे न्हाई बसनार,” ती म्हणाली, “सगळे गानारे बसनार.”

काकांनी ढोलकीवर एक थाप दिली.  सरांनी कीबोर्ड बंद केला आणि त्यावर कापड टाकलं. मला वाटलं, डाव्या हाताचं ओझं वाढलं म्हणून.

सोमवारी मी बास घेऊन गाडीत बसले. डब्यातल्या एका आजोबांनी विचारलं, “सतार का?” मी हो म्हणाले. लॅब सुटल्यावर जुन्या जालन्यात एका हार्मोनियमवाल्या चाचांकडे गेले. आत्याची पेटी तेच बघतात, एवढंच मला माहीत होतं. बास त्यांनी कधी हातात घेतला असेल असं मला वाटत नव्हतं, पण माझ्याकडचे व्हिडिओ संपले होते.

दुकानात त्यांनी बास आडवा मांडीवर घेतला, मानेवरून तळहात फिरवला, एका डोळ्याने टोकापासून शेवटापर्यंत बघितलं.

“मान कोणी सरळ केली?”

“मी.”

“अच्छा केली.” मग त्यांनी विचारलं, “गळा कोणाचा?”

मला प्रश्न समजला नाही.

“अरे बेटी, कोणाच्या गळ्यासाठी लावायचा? बाजा हवेत वाजतो का? कोण गाणार?”

मी आत्याचं सांगितलं. चाचांचा चेहरा खुलला. “काळी पाच! अजून बी काळी पाच?” त्यांनी मागे हात करून फळीवरून एक पेटी खाली काढली. मी ती लगेच ओळखली. झाकणावरचं निळं रंगवलेलं कमळ मी लहानपणी नखाने खरवडलं होतं. वर्षभरापूर्वी ती भात्यातून हवा सोडते म्हणून दुरुस्तीला दिली होती. तेव्हापासून पार्टीत नुसता कीबोर्डच होता.

“झाली नाही का अजून?” मी विचारलं.

“कवाच झाली. सर आले, पाहून गेले. बोलले, राहू द्या इथंच, जल्दी नाही.”

त्यांनी भाता हलवला आणि पाचवी काळी पट्टी दाबून धरली. मी तिसऱ्या तारेचा पहिला पडदा दाबून तार छेडली. दोन आवाज एकमेकांत गेले. कुठे घासणं नाही, आंबणं नाही. चाचांनी दुसऱ्या पट्ट्या दाबल्या, मी ते सूर शोधले. सगळे बसले.

“बाजा बराबर आहे,” ते म्हणाले. “एकदम बराबर. आता गळा घेऊन ये.”

परतीच्या गाडीत मी बास पायांत धरून बसले होते आणि माझा गोंधळ सकाळपेक्षा वाढला होता. बास बरोबर. पेटी बरोबर. मग चढा कोण? आणि पेटी तयार आहे, हे सरांनी आत्याला का सांगितलं नाही? आत्या तर दर महिन्याला विचारायची, आणि सर म्हणायचे, चाचांचे हात आता थकलेत. चाचांचे हात तर मी नुकतेच बघून आले होते.

पुढच्या रविवारी मी अर्धा तास लवकर गेले. विहाराची किल्ली शेजारी असते. मी कीबोर्ड चालू केला, स्पीकरजवळ फोन धरला आणि काळी पाच दाबली. सुई मधोमध आलीच नाही. डावीकडे, लाल. दुसरी पट्टी दाबली. लाल. सगळ्या पट्ट्या लाल. मला आधी वाटलं फोन बिघडला. पेटीची हवा जाते, तार सैल होते, पण कीबोर्ड हे तर यंत्र, ते बेसूर कसं होईल? मी बसून एकेक पट्टी पुन्हा दाबत राहिले.

“चारशे तीसवर आहे,” मागून सर म्हणाले.

मी उठून उभी राहिले, शाळेत राहायचे तशी.

“बस गं. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं.” त्यांनी दाराबाहेर बघितलं आणि कीबोर्डच्या पडद्यावर एक जागा उघडून दाखवली. तिथे आकडा होता. पांढऱ्या सहाची सेकंदाला चारशे चाळीस कंपनं, जगभर वाद्यं याच आकड्याला लावतात, हे मला माहीत होतं. माझ्या फोनमध्येही तेच होतं. सरांनी वर्षभरापूर्वी तिथून सुरुवात केली होती. दर महिन्या-दीड महिन्याला एक आकडा खाली. एकदम बटण दाबून अर्धा सूर उतरवला असता तर आत्याला त्याच क्षणी कळलं असतं. केसाएवढं खाली नेलं की कळत नाही. ती उभी राहते, सा ऐकते, गाते, वरचा सूर लागतो, आणि तिला वाटतं आपण काळी पाचातच आहोत.

“म्हणून पेटी चाचांकडे ठेवलीय?” मी विचारलं.

“पेटीला कसं उतरवणार? ती खरं बोलते.”

“काकांना माहीत आहे?”

“ढोलकी कशाला लावतो तो? माझ्याच सुराला. कोरसच्या बायकांना पण माहीत असेल. कुणी बोललं नाही. माझे वडील पेटी वाजवायचे, तेही असंच करायचे. गळा उतरला की साथीदारानं उतरायचं. गाणाऱ्याला सांगायचं नसतं.” मग ते माझ्याकडे बघून थोडे वैतागून म्हणाले, “दर रविवारी तुला म्हणतो, सूर घे, सूर घे. सगळे माझ्याकडून घेतात. तू मान हलवते आणि फोनकडून घेऊन येते.”

म्हणजे एवढंच होतं. वाजवायला बसण्याआधी प्रत्येकाने कीबोर्डवाल्याला म्हणायचं असतं, सर, सा द्या. मी काकांना ते म्हणताना दर रविवारी बघितलं होतं आणि मला वाटलं होतं, ती काकांची सवय. खरं सांगायचं तर मला असंही वाटलं होतं की मला त्याची गरज नाही. आणि त्याहून खरं म्हणजे, चार माणसांत मोठ्याने काही मागायचं मला जमत नाही.

“आज फोन ठेव बाजूला,” सर म्हणाले, “आणि अंकुशनगरचं काय करायचं ते मला कळेना. ट्रॅक माझ्या हातात नाही. ते लोक काळी पाच म्हणजे काळी पाचच देणार.”

“तुम्ही सांगा ना तिला.”

“मी?” ते म्हणाले. “वर्षभर जे केलं ते आता तोंडानं सांगू?”

आत्या आली तेव्हा आम्ही दोघंही काहीतरी शोधत असल्यासारखे खाली बघत होतो. ती नवी साडी दाखवायला पिशवी घेऊन आली होती, अंकुशनगरसाठी घेतलेली. मी तिच्याकडे बघत राहिले. जी बाई पंचवीस वर्षं एकाच सुरावर उभी राहिली तिला खरंच कळलं नसेल? की तिला कळलं होतं, आणि तीही बोलत नव्हती, आणि सगळे मिळून एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते? आणि कळलं असेल तर गळ्याला हात लावून ती माझ्या बासला का नावं ठेवत होती? मला अजूनही याचं उत्तर माहीत नाही. तेव्हा तर मी इतकी गोंधळले होते की बास खांद्याला अडकवायचा पट्टा दोनदा उलटा लावला.

“तुला बसून आयक म्हनले होते ना?” आत्या म्हणाली.

“आज एकदा वाजवू द्या तिला,” सर म्हणाले. “शेवटचं.”

मी खाली बसले. काका ढोलकी चाचपत होते. मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. “सर, सा द्या.”

“बोलली!” काका ओरडले. “गिटार मराठी बोलली!”

सरांनी सा धरून ठेवला. मी तिसरी तार कानाने खाली आणली. दोन आवाज घासत होते, मग हळूहळू घासायचे थांबले. मग बाकीच्या तारा. इतके आठवडे मी ज्याच्यासाठी पाठ मोडून घेतली ते पाच मिनिटांत झालं, आणि ते करताना मला फसवणूक केल्यासारखं वाटत होतं.

आत्या गायली. पहिल्या कडव्यानंतर तिने माझ्याकडे मान वळवली आणि भुवया उंचावल्या. दुसऱ्या कडव्यात ती वर गेली आणि तिथे थांबली. ढोलकी थांबली, मी थांबले. लहानपणी मला जागं करायची तशी शांतता झाली. पण मी आता तिच्या अगदी जवळ बसले होते, आणि तिथून मानेवरची ताणलेली शीर दिसत होती. इतकं खाली आणूनसुद्धा ती तिथे जेमतेम पोचली होती.

गाणं संपल्यावर तिने माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. “बसला! आज बास बसला! म्हनले न्हवते मी? गळा माझा बराबरच होता. काय दुरुस्ती केली गं?”

मी सरांकडे बघितलं. ते कीबोर्डवरची नसलेली धूळ पुसत होते. काका एकदम ढोलकीच्या दोऱ्या आवळायला लागले. कोरसच्या एका बाईने पाण्याची बाटली उघडली आणि प्यायली नाही.

“मानेची सळई फिरवली,” मी म्हणाले. तेही खरंच होतं.

“शाब्बास. तू चल अंकुशनगरला, बसायला तरी चल.” तिने कमरेला खोचलेला फोन काढला. “त्या ट्रॅकवाल्याचा दोनदा मेसेज येऊन गेल्ता, पट्टी सांगा म्हनून. आत्ताच सांगून टाकते. आज गळा लागलाय, आजच सांगावं.” तिने फोन तोंडाजवळ धरला आणि बोलायचं बटण दाबलं. “नमस्कार, जयभीम. माझी पट्टी लिहून घ्या...”

 मला कळत होतं की खोलीतलं कुणीही बोलणार नाही. त्यांच्या बाजूने ते बरोबरही असेल. माझ्या बाजूने मात्र मला एवढंच दिसत होतं की ती नवी साडी नेसून, इतक्या गाणाऱ्यांच्या समोर, कुणी खाली उतरून तिच्याखाली हात धरायला नसताना, वर जाईल.  माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

“आत्या, पाठवू नको. मी आज बास खाली लावलाय. कीबोर्डपण खालीच आहे, वर्षापासून. ही काळी पाच नाही. त्यांना एक पट्टी खालची, पांढरी सहा सांग.”